कॉल्डरसाहेबांची दुसरी सही

फिंतास, कुवेत
रविवार, २२ डिसेंबर २०२४

दादा,

तेवीस वर्षांनी लिहिते आहे. वर 'तीर्थरूप' लिहावं की नुसतं 'नंदकुमार', यात अर्धी सकाळ गेली. शेवटी तोंडात होतं ते लिहिलं. हे पत्र श्वेताजवळ देते आहे. ती इथे एगैलात राहते, नाशिकची आहे, नाताळच्या सुट्टीत माहेरी येते आहे.

गुरुवारी माझं नागरिकत्व गेलं.

मी कुवेती झाले होते हेही तुला ठाऊक नसेल. नबीलशी लग्न झाल्यावर काही वर्षांनी अर्ज केला, २०१० साली मिळालं. आता लग्नामुळे इथल्या झालेल्या बाहेरच्या बायकांचं नागरिकत्व काढून घेताहेत. याद्या निघतात. हजारो नावं. मी प्रत्येक यादी वाचायचे आणि वाचून झाली की चहा करायचे. गुरुवारची वाचली नव्हती, कारण मी लॅबमध्ये होते. सव्वीस वर्षं त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. सूक्ष्मदर्शकाखाली कुणाची तरी काचपट्टी होती, मलेरिया आहे का बघत होते. शेजारी नर्मदा बसते, हैदराबादची. तिनं हिंदीत विचारलं, "चारू, कार्डवर तुझं पूर्ण नाव कसं लिहिलंय?"

मी सांगितलं. तिनं यादी उघडलेला फोन माझ्यासमोर ठेवला.

ती काचपट्टी मी शेवटपर्यंत वाचली, दादा. निगेटिव्ह होती. तसं लिहिलं, सही केली. मग स्टुलावरून उठताच येईना. नर्मदानं काखेत हात घालून उठवलं.

नबील म्हणतो, चूक झाली असेल, या आठवड्यात दुरुस्त होईल. रोज सकाळी म्हणतो. त्याची बहीण झुलेखा हरीसचं, म्हणजे गहू-मटणाच्या घाट्याचं, पातेलं घेऊन आली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून दोन तास नुसती बसली. मयताच्या घरी बसतात तशी. नबील कुवेती, आमची मुलगी दाना कुवेती. घरात मी एकटीच कुणी नाही. भारतीय म्हणावं तर कुवेती होण्याआधी तो पासपोर्ट सोडावा लागला होता.

मागणं आहे म्हणून पत्र आहे, हे तुझ्यासारख्या वकिलाला सांगायला नको. भारताचं नागरिकत्व परत मागायचं तर मी नाशिकात जन्मले याचा पुरावा हवा. महापालिकेतली जन्माची नोंद, शाळा सोडल्याचा दाखला, बाबांच्या कपाटात माझं जे काही उरलं असेल ते.

आणि एक. दाना कायदा शिकते. तिला मी सांगितलं की आपल्या घरात हे पूर्वी एकदा झालेलं आहे. भास्करआजोबा तरुणपणी अमेरिकेत गेले, ओरेगनमध्ये सफरचंदाची बाग केली, तिथल्या कॉल्डर नावाच्या फेडरल जज्जानं त्यांना नागरिक केलं, आणि पुढे दुसऱ्या एका दुष्ट जज्जानं ते काढून घेतलं. बाबा सांगायचे तसंच सांगितलं. कोर्टाच्या पायऱ्यांवर आजोबा आणि कॉल्डरसाहेब शेजारी उभे आहेत, तो फोटो अजून आपल्या दिवाणखान्यात आहे का? दानाला त्याची प्रत हवी आहे. तिनं ओरेगनच्या एका ग्रंथालयाला पत्रही टाकलं आहे.

बाबा गेले तेव्हा तू मला कळवलं नाहीस. ना पत्र, ना फोन. चार महिन्यांनी तिसऱ्याकडून कळलं. ते आज उकरत नाही.

चारुशीला

फिंतास
रविवार, १९ जानेवारी २०२५

दादा,

तुझं उत्तर नाही. पत्र तुझ्या हातात दिलं, तू चष्मा काढून पुसलास आणि चहा विचारलास, एवढं श्वेतानं सांगितलं. म्हणून पुन्हा लिहिते. खरं तर आज मागायला काही नाही. जे कळलं ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

ग्रंथालयातून कागद आले. शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर दानानं लॅपटॉप माझ्यापुढे ओढला. दोन कागद शेजारीशेजारी लावले होते. एक १९१४ चा, आजोबांना नागरिकत्व देणारा. दुसरा १९२५ चा, ते रद्द करणारा. तिनं खाली बोट ठेवलं. आईला ती युम्मा म्हणते.

"युम्मा, लूक. सेम सिग्नेचर."

मी म्हटलं, "नाव सारखं असेल. तिकडे कॉल्डर पुष्कळ असतील."

"युम्मा, इट्स हिम."

ई. कॉल्डर. 'सी'ची शेपटी खाली ओढलेली, दोन्हीकडे तशीच. दादा, दुसरा जज्ज कुणी नव्हताच. ज्याच्या फोटोला आई दसऱ्याला झेंडूचं फूल लावायची, त्यानंच दिलं आणि त्यानंच काढून घेतलं.

मी उठून गॅलरीत गेले. समोर समुद्र होता की धुळीचा पडदा, आठवत नाही. नबील मागून आला आणि म्हणाला, शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, तू का एवढं मनावर घेतेस?

मग दोन दिवस दाना आणि मी त्या माणसाचं आयुष्य वाचत बसलो. एझ्रा कॉल्डर, जन्म १८५९. बाप लाकूडतोड्या. पोरगा अकरा मैल चालत शाळेत जायचा, पुढे शाळामास्तर झाला, मग एका वकिलाच्या कचेरीत झाडू मारता मारता कायदा वाचला. कॉलेज नाही. १९०५ साली राष्ट्राध्यक्षांनी फेडरल जज्ज नेमलं. ही नेमणूक मरेपर्यंतची असते. दाना म्हणाली, "नोबडी कॅन फायर हिम, युम्मा." सरकारी जंगलं खोट्या नावांनी लाटणाऱ्या श्रीमंतांना त्यानं तुरुंगात घातलं. त्यात त्याच्या स्वतःच्या बायकोचा भाऊ होता. त्यालाही सोडला नाही. भेट म्हणून आलेली घोडागाडी कोर्टाच्या अंगणात पावसात कुजू दिली, हात लावला नाही. सगळा प्रांत त्याच्या नावानं शपथ घ्यायचा.

आजोबा त्याच्यापुढे पहिल्यांदा आले ते पाटाच्या पाण्याच्या खटल्यात साक्षीदार म्हणून. जज्जाला त्यांची साक्ष आवडली. मग सफरचंदांची पेटी, मग रविवारचं जेवण. आजोबा मांसाहार करत नाहीत म्हणून कॉल्डरबाई त्यांच्यासाठी वेगळी वाटाण्याची उसळ करायची. बाईच्या डायरीत आहे हे. १९१४ ला आजोबांनी अर्ज केला तेव्हा सरकारी वकील म्हणाला, कायद्यानं फक्त गोऱ्यांना नागरिक होता येतं, हा माणूस गोरा नाही. कॉल्डरनं सहा पानी निकाल दिला की कायद्यातला तो शब्द या माणसाला बाहेर ठेवत नाही, आणि सही केली.

१९२३ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की हिंदी लोक त्या शब्दात बसत नाहीत. ज्यांना दिलं होतं त्यांचं परत घ्या. आजोबांची फाइल आली ती कॉल्डरकडेच. शेजारच्या कोर्टाचा जज्ज त्याचा मित्र होता, त्यानं लेखी कळवलं, हे प्रकरण माझ्याकडे पाठव, तुझी त्याची मैत्री आहे. कॉल्डरनं पाठवलं नाही.

त्या दिवशी कोर्टात काय बोलणं झालं ते कारकुनानं टिपून ठेवलं आहे. कॉल्डरनं विचारलं, "मिस्टर पिंगळे, तुम्हाला काही म्हणायचं आहे?"

आजोबा म्हणाले, "साहेब, अकरा वर्षांपूर्वी तुम्ही माझ्याकडे बघून सही केली होती. आज कागदाकडे बघताय."

कारकुनानं पुढे कंसात लिहिलं आहे: न्यायमूर्तींनी वर पाहिलं. त्याखाली: आदेशावर सही झाली.

नागरिक नाही म्हणून बाग गेली. तिथे नव्यानं आलेल्या कायद्यानं अशा माणसाला जमीन ठेवता येत नव्हती. वर्षभरात आजोबा नाशिकला परत.

पण मला खरा धक्का पुढेच बसला. कॉल्डरनं म्हातारपणी आत्मचरित्र लिहिलं, चारशे बारा पानांचं. दानानं 'पिंगळे' शोधलं. एकदाच सापडतं. १९१४ चा निकाल, अभिमानानं लिहिलेल्या चार ओळी. की एका परदेशी मित्राला मी माझा देशबांधव केलं. १९२५ नाही. एक अक्षर नाही. पुढच्या पानावर तो ट्राउट मासे पकडायला जातो.

दादा, तुला हे माहीत होतं का? एवढं तरी सांग. कागदपत्रं नाही पाठवलीस तरी चालेल.

चारू

फिंतास
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

दादा,

तुझं पत्र आलं. शाळेचा दाखला आणि फोटोची प्रतही पोचली. पत्र इतक्यांदा वाचलं की पाठ झालं आहे. तरी तुझंच तुला उतरवून देते, म्हणजे मी नीट वाचलं हे तुला कळेल.

तू लिहितोस: "सही एकच आहे हे मला माहीत होतं. बाबांनाही. दुसरा जज्ज आजोबांनी तयार केला. बाबा मोठे झाल्यावर आजोबा त्यांना म्हणाले होते की ज्याच्या घरी दर रविवारी जेवलो त्यानं हे केलं, असं पोरांना सांगवेना, म्हणून एक दुसरा उभा केला. त्याला नावसुद्धा दिलं नाही. बाबांनी शेवटच्या आजारात मला हे सांगितलं. कॉल्डरचं एक पत्र १९३४ साली नाशिकला आलं होतं. आजोबांनी उत्तर दिलं नाही, पण फाडलंही नाही. त्यात दोनच ओळी आहेत: तुमच्या बागेवरून मी हल्ली जात नाही. कोर्टाला लांबच्या रस्त्यानं जातो."

एवढंच? म्हणून मी स्वयंपाकघरात मोठ्यानं ओरडले. झुलेखा दचकली, तिच्या हातातला चमचा पडला. नऊ वर्षांनी माणूस पत्र लिहितो आणि 'चुकलो' हा शब्द लिहीत नाही! कोर्टाला कुठल्या रस्त्यानं जातो ते लिहितो! मी तिला अरबीत सगळं सांगितलं, जमेल तसं. ती शांतपणे म्हणाली, "त्यानं 'चुकलो' म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तुझ्या आजोबांना त्याला माफ करावं लागलं असतं. तो स्वतःला तेवढं देऊ करत नव्हता." मला हे पटलं नाही. दाना मात्र मान हलवत होती. ती म्हणते त्यानं खटला मित्राकडे दिला नाही, कारण अनोळखी माणसानं आजोबांना नुसता एक नंबर म्हणून पाहिलं असतं. मी म्हटलं, मी नंबर म्हणूनच पाहिली गेले, आणि मला आजही वाटतं तेच बरं. कुणा ओळखीच्यानं माझ्याकडे वर बघून सही केली असती तर मी मेले असते.

तुला काय वाटतं, तू कधी लिहिणार नाहीस. राहू दे.

आता माझं सांगते. कॉल्डरच्या चार ओळी वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही, ते त्याच्यामुळे नाही.

डिसेंबरच्या पत्रात मी लिहिलं की बाबांचं तू मला कळवलं नाहीस. ते खोटं आहे. तुझं पत्र मला १४ मे २००९ ला मिळालं. निळ्या शाईतलं. "डॉक्टरांनी महिना सांगितला आहे. तुझं नाव घेतात. मागचं सगळं राहू दे, ये." धर्म बदलून लग्न केलं म्हणून ज्यांनी माझं नाव घरात घ्यायचं बंद केलं, त्यांनीच बोलावलं होतं.

माझ्याजवळ त्या दिवशी पासपोर्टच नव्हता. भारताचा जमा करून तीन आठवडे झाले होते आणि इथला यायला पुढे नऊ महिने लागले. हे खरं आहे. पण याचा अर्धा भागच खरा आहे. दूतावासात जाऊन रडले असते तर एका फेरीपुरता कागद मिळाला असता, असं मला नंतर कुणी कुणी सांगितलं. मी विचारायलाच गेले नाही. गेले तर इथली फाइल मागे पडेल, ही एक भीती. आणि दुसरी, जी मी आजवर नबीललाही सांगितली नाही. बाबांच्या उशाशी बसून मी काय सांगणार होते? ज्यांच्या वडिलांचं नागरिकत्व एका देशानं हिसकावून घेतलं, त्यांच्या मुलीनं आपलं स्वतःच्या हातानं खिडकीतून आत सरकवलं आणि पावती घेतली?

पत्र फाडलं आणि सगळ्यांना सांगितलं, भावानं कळवलंच नाही. तुझं नाव निघालं की नबील उठून जायचा. त्याला वाटायचं तू दगड आहेस. सोळा वर्षं मी त्याला तसं वाटू दिलं. काल त्याला खरं सांगितलं. तो गाडीच्या किल्ल्या हातात खेळवत बसला. मग म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर मी तुला सौदीच्या रस्त्यानं पाठीवर घेऊन गेलो असतो." आणि बाहेर निघून गेला. तासाभरानं आला तो ब्रेड घेऊन, जणू त्यासाठीच गेला होता.

तुला आता मला कागद पाठवावेसे वाटणार नाहीत. पाठवू नकोस म्हणून लिहीत नाही, पाठव म्हणूनही लिहीत नाही.

चारू

फिंतास
रविवार, ४ मे २०२५

दादा,

तू अकरा आठवडे लिहिलं नाहीस. रमजान गेला, ईद झाली. मी धरून चालले होते की संपलं.

मग गेल्या सोमवारी फोन वाजला, भारताचा नंबर. "आत्या, मी आशय." तुझ्या मुलाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. 'आत्या' या शब्दावर मी फोन छातीशी धरला आणि पोराला वाटलं फोन कटला. तो हॅलो हॅलो करत राहिला. म्हणाला, "पाकीट कुरियरनं टाकलंय. जन्माच्या नोंदीसाठी बाबा महापालिकेत सात वेळा गेले. रजिस्टरला वाळवी लागली होती. आणि प्रतिज्ञापत्रावरून नोटरीशी भांडले."

"भांडले? दादा?"

"नोटरी म्हणाले, चौथं कलम गरजेचं नाही, काढा. बाबा म्हणाले, मी तीस वर्षं लोकांची प्रतिज्ञापत्रं केली, हे माझं आहे. नाही काढलं."

पाकीट बुधवारी आलं. मी उघडलं नाही. गुरुवारी दूतावासात तसंच घेऊन गेले, दाना बरोबर होती. आत रूपेश नावाचा तरुण अधिकारी होता, अकोल्याकडचा. मराठी ऐकून त्याचा चेहरा सैल झाला. त्यानंच पाकीट फोडलं आणि एकेक कागद बघत गेला. जन्माची नोंद, ठीक. दाखला, ठीक. मग तुझं प्रतिज्ञापत्र वाचायला लागला, मनात, ओठ हलवत. मध्येच थांबला.

"मॅडम, हे चौथं कलम कशासाठी आहे? अर्जाशी याचा संबंध दिसत नाही."

मी कागद मागितला. उभ्याउभ्याच वाचला.

पहिल्या तीन कलमांत माझं नाव, आईबाबांची नावं, जन्मतारीख. जन्माच्या वेळी मी सात वर्षांचा होतो, दाराबाहेर उभा होतो आणि रडणं ऐकलं, म्हणून ही बाब मला प्रत्यक्ष ठाऊक आहे. असं तू लिहिलं आहेस. आणि मग:

"४. सदर चारुशीला ही आमचे वडील अत्यवस्थ असताना, मे २००९ मध्ये, भारतात येऊ शकली नाही. त्या वेळी तिच्याजवळ कोणत्याही देशाचा पासपोर्ट नव्हता. तिच्या न येण्याचे हेच कारण होय, असे मी सत्यप्रतिज्ञेवर सांगतो. याविषयी कुटुंबात अन्य कोणाची काहीही तक्रार नाही."

दादा, मी तुला अर्धा भागच खरा आहे असं स्पष्ट लिहिलं होतं. दुसरा अर्धा तू वाचला होतास. वाचून, जाणून, स्टॅम्पपेपरवर शपथ घेऊन तू तो सोडून दिलास. कधी खोटी शपथ न घेतलेला माणूस तू. मला बसायला खुर्ची दिली कुणीतरी. दाना "व्हॉट डज इट से? युम्मा, व्हॉट डज इट से?" म्हणत होती आणि मी ते कलम पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचत होते.

रूपेशनं पाण्याचा ग्लास पुढे केला. म्हणाला, "काढायचं असेल तर नवीन करून आणा. असंही चालेल, अडत नाही."

मी म्हटलं, "राहू द्या. जसं आहे तसं."

अर्ज घेतला आहे. किती महिने लागतील, मिळेल की नाही, तो काहीच सांगू शकला नाही. पोचपावती दिली. परतीच्या वाटेवर दानाला सगळं मराठीतच सांगितलं, अर्धं तिला कळलं नसेल. ती फहाहीलच्या सिग्नलला गाडी थांबवून म्हणाली, "खाल कधी येणार?" मामाला इकडे खाल म्हणतात. आठ शब्दही मराठीत सलग न बोलणारी मुलगी, तिनं 'कधी येणार' अगदी आपल्या आईसारखं म्हटलं, दादा.

मी तुला बोलावू शकत नाही, कारण बोलावण्याचा हक्क असायला मी कुणी असायला हवं. दाना बोलावू शकते. ती समोर बसून व्हिसाचा फॉर्म भरते आहे. आता थंडी संपली, नोव्हेंबरात ये म्हणते, तेव्हा समुद्राकाठी बसता येतं. नबील शेजारून सांगतो आहे की विमानतळावर तोच येईल, मला येऊ देणार नाही, त्याला तुझ्याशी आधी एकट्यानं बोलायचं आहे.

तुझ्याकडे पासपोर्ट आहे का रे? नसेल तर उद्याच काढायला टाक. असेल तर पहिल्या पानाची स्वच्छ प्रत पाठव.

तुझी,
चारू